सर्व्हरची मांडणी आणि जनतेचा वेळ

पुण्यातील कर्वेनगर हा परिसर पूर्वी हिंगणे या नावाने ओळखला जात असे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये येथील एका झोपडीत आला. त्याच संस्थेने १९९१ मध्ये येथे मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. तेथे शिकविली जाणारी संगणकविद्या आज खेड्यातील शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारापर्यंत पोहोचली आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला आहे. पीककर्जासाठी उतारा हवा असताना किंवा परीक्षेचा निकाल लागताना पान उघडले नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो.

अशा वेळी नव्या, मोठ्या यंत्राची मागणी होते. तथापि पुष्कळदा उणीव यंत्रात नसून त्याच्या मांडणीत असते. सर्व्हरवरील सर्वच सेवांना लागू होणाऱ्या नियमांना ग्लोबल सेटिंग्ज म्हणतात. हे नियम आले तसेच ठेवले, की मोठे यंत्रही अपुरे पडते.

यामागील तत्त्व जुनेच आहे. डेन्मार्कमधील गणिती एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीचे गणित मांडले. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी रांगेचा एक साधा नियम सिद्ध केला: दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकास लागणारा वेळ यांचा गुणाकार म्हणजे एका वेळी आत असलेल्यांची संख्या होय. तलाठी कार्यालयातील रांगेला जो नियम, तोच सर्व्हरलाही लागू पडतो.

एक उदाहरण घेऊ. सर्व्हरची मेमरी १६ जीबी असून त्यातील ४ जीबी इतर कामांसाठी राखून ठेवली आहे. अपाचे या सर्व्हर प्रणालीच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र प्रक्रिया लागते. एका प्रक्रियेस ६० एमबी मेमरी लागत असेल, तर उरलेल्या १२ जीबीत सुमारे २०० प्रक्रिया मावतात. ही मर्यादा १,००० केली तर सुमारे ६० जीबी मेमरी लागेल. मग यंत्र डिस्कचा आधार घेऊ लागते आणि सर्वांचेच काम रखडते. म्हणजे मर्यादा वाढविणे हा सर्वकाळ उपाय नव्हे.

दुसरी बाब जोडणी उघडी ठेवण्याच्या अवधीची. अपाचेमध्ये हा अवधी मुळात ५ सेकंदांचा असतो. एका मागणीस अर्धा सेकंद लागत असेल, तर २०० प्रक्रिया सेकंदाला ४०० मागण्या पूर्ण करू शकतात. परंतु प्रत्येक जोडणीवर एकच मागणी येऊन पुढील ५ सेकंद प्रक्रिया रिकामी अडकून राहिली, तर हीच संख्या जेमतेम ३६ वर येते. अवधी १ सेकंद केल्यास ती १३३ होते. यंत्र तेच, खर्च शून्य. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनजिनएक्स प्रणालीत एकच प्रक्रिया अनेक जोडण्या सांभाळते, त्यामुळे तेथे ही अडचण बरीच कमी होते.

तिसरी बाब मेळाची. अपाचेच्या या पद्धतीत प्रक्रियांची मूळ मर्यादा २५६ असते, तर मायएसक्यूएल या माहितीसाठ्यात जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ असते. प्रत्येक प्रक्रियेने एक जोडणी मागितली, तर गर्दीच्या वेळी शंभराहून अधिक नागरिकांच्या पदरी केवळ त्रुटीचा संदेश पडेल. म्हणून दोन्ही आकडे एकत्र विचारात घेऊन ठरवावेत.

याखेरीज मजकूर आकुंचित करून पाठविणे आणि बोधचिन्हासारख्या न बदलणाऱ्या गोष्टी वाचकाच्याच यंत्रात काही काळ साठवू देणे, हे उपायही गुणकारी ठरतात. मात्र निकाल, दाखले यांसारखी व्यक्तिगत पाने सामाईक साठ्यात कदापि ठेवू नयेत. अन्यथा एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका संभवतो.

ग्लोबल नियम बदलताना तो सर्व सेवांना लागू होतो, याचे भान राखणे अगत्याचे आहे. प्रतीक्षेची मुदत सरसकट घटविली, तर मोठी कागदपत्रे पाठविणारा अर्जदार मध्येच तुटेल. त्या सेवेपुरता अपवाद करावा. जुने आकडे लिहून ठेवावेत, एका वेळी एकच बदल करावा, आधी व नंतर वेळ मोजावा आणि गर्दीच्या दिवसापूर्वी कृत्रिम भार देऊन चाचणी घ्यावी.

हे काम तंत्रज्ञांचे असले, तरी योग्य प्रश्न विचारणे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याही हाती आहे. नव्या यंत्राचा प्रस्ताव समोर आल्यास आधी विचारावे: सध्याच्या यंत्राची मर्यादा कशी ठरविली, ती मोजली कोणी, आणि केव्हा? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर सार्वजनिक पैसा वाचेल आणि उताऱ्यासाठी तालुक्याला आलेल्या शेतकऱ्याचा दिवसही वाया जाणार नाही.