आपले मन आपल्याला कितपत कळते?

स्वतःचे मन आतून थेट कळते आणि दुसऱ्याचे मात्र वागण्याबोलण्यावरून ताडावे लागते, असे आपण धरून चालतो. ७व्या शतकातील बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने ‘सन्तानान्तरसिद्धि’ या ग्रंथात असेच अनुमान मांडले: माझ्या बोलण्याचालण्यामागे माझी इच्छा असते, मग तशी कृती दुसऱ्याकडून घडताना दिसली की तिच्यामागेही इच्छा मानली पाहिजे. यावर आक्षेप असा की, एकट्या स्वतःच्या उदाहरणावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष कसा काढायचा? मला खरी अडचण त्याच्याही आधीची वाटते. ते एक उदाहरण तरी आपल्याला नीट माहीत असते का?

पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली स्वीडनमधील एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी दोन छायाचित्रांतून अधिक आकर्षक चेहरा निवडायचा होता. काही वेळा हातचलाखीने त्यांना नाकारलेलेच छायाचित्र दिले गेले. बहुतेक वेळा ही अदलाबदल कुणाच्या ध्यानात आली नाही. उलट, न केलेल्या निवडीची कारणे लोकांनी मनापासून सांगितली, आणि त्यांतली काही तर फक्त नाकारलेल्या चेहऱ्यालाच लागू पडणारी होती. कुणी म्हणेल, दात दुखतो तेव्हा अनुमान कुठले? बरोबर आहे, वेदना थेटच जाणवते. पण वेदना होणे वेगळे आणि आपण का निवडले, का रागावलो हे ठाऊक असणे वेगळे. कारणांपाशी आपणही पुष्कळदा अंदाजच बांधतो. म्हणूनच आपल्या रागाचे जवळच्या माणसाने सांगितलेले कारण कधीकधी आपल्या खुलाशापेक्षा अचूक ठरू शकते.