सोंगणीच्या तोंडावरचा पाऊस

चांदूर बाजार तालुक्याचा समुद्राशी संबंध यावा असं नकाशात काहीच दिसत नाही. उत्तरेला सातपुडा, मधून वाहणारी पूर्णा, विश्रोळीचं धरण आणि काळी, खोल जमीन. अरबी समुद्र घ्या की बंगालचा उपसागर, सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आत कोणताच येत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत क्यार, गुलाब, मोंथा ही वादळांची नावं इथल्या पानटपरीवर लोकांच्या तोंडी बसली. दसरा-दिवाळीचा पाऊस आपल्याकडे समुद्रच पाठवतो. तो पाठवण्याची वेळ आणि आपली सोंगणीची वेळ आता एकच झाली आहे.

हा पाऊस पूर्वीही पडायचा. हस्त लागतं सप्टेंबरच्या शेवटी, चित्रा ऑक्टोबरच्या दहा-अकराला, स्वाती दिवाळीच्या आसपास. या नक्षत्रांच्या पावसाची म्हातारी माणसं वाट पाहायची. हस्ताची एखादी चांगली सर आली की हरभऱ्या-गव्हाच्या जमिनीला ओल मिळायची, तूर तरारायची, पऱ्हाटीची बोंडं भरायची. ज्वारीला तर त्याची भीतीच नव्हती. जुनी उंच गावरान ज्वारी दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवायची, आणि दाणा भरून पक्का होईपर्यंत आभाळ मोकळं झालेलं असायचं. कित्येक पिढ्यांनी कणसं निवडून-निवडून हे वेळापत्रक बसवलं होतं. त्या शहाणपणाची नोंद आपण पुरेशी घेतली नाही, असं मला मनापासून वाटतं.

१९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढलं, घरात धान्य आलं, त्याचं मोल कमी लेखता येणार नाही. पण ती दिवस लहान होण्याची वाट पाहत नव्हती. ठरलेल्या दिवसांत पिकायची आणि सप्टेंबरच्या झडीत सापडायची. दाण्यावर बुरशी चढून ज्वारी काळी पडायची. काळ्या ज्वारीच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या, त्यांना तो कडवटपणा आजही आठवतो.

मग सोयाबीन आलं. नव्वदच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस ३३५ हे वाण विदर्भभर पसरलं. तेलाचे कारखाने होते, नगदी पैसा होता, आणि तो नेमका दिवाळीच्या आधी हातात येत होता. ज्वारी मागे पडली, मूग-उडीद धुऱ्याकडे सरकले. हे वाण साधारण ९५ ते १०० दिवसांचं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलं की हिशेब थेट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यावर येतो, म्हणजे ऐन हस्तात. मान्सून विदर्भातून निघायचाही तोच सुमार. ज्या पावसाने रब्बी साधायची, त्याच्याच तोंडी आपण खरिपाचं मुख्य पीक नेऊन ठेवलं.

सोंगून ठेवलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला की काय होतं ते जवळून पाहायला हवं. गंजी वरून कोरडी दिसते. ताडपत्री काढून हात आत घातला की ऊब लागते, आंबूस वास येतो. शेंगा मऊ पडलेल्या असतात, आणि फोडल्या की आत दाण्याला पांढरा, बोटभर कोंब. थ्रेशरमधून काढलं तर दाणा डागी निघतो, कुटारसुद्धा जनावर तोंडात घेत नाही. बाजारात अडत्या मूठभर दाणे यंत्रात टाकतो आणि ओलावा वाचून दाखवतो. हमीभावाच्या खरेदीला मर्यादा १२ टक्क्यांची. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर गरजू शेतकऱ्याचा माल मिळेल त्या भावात गेला होता.

२०१९ ची दिवाळी कोणी विसरणार नाही. अरबी समुद्रात क्यार आणि त्यामागोमाग महा अशी वादळं उठली आणि ऑक्टोबर संपता संपता राज्यभर पावसाने ठाण मांडलं. मुंबईत सरकार बनत नव्हतं, राष्ट्रपती राजवट लागली, आणि राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८,००० आणि फळबागांना १८,००० रुपये जाहीर केले. २०२१ ला गुलाब वादळ २६ सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर आलं, विदर्भ-मराठवाडा भिजवत पश्चिमेला गेलं आणि अरबी समुद्रात उतरून शाहीन नावाने पुन्हा उठलं. त्याच वर्षी ऑगस्टात क्विंटलला दहा हजारांपलीकडे गेलेला सोयाबीनचा भाव सोंगणीला निम्म्याच्या आसपास आला होता. पाऊस आणि भाव, दोन्हींनी एकाच महिन्यात मारलं.

संत्र्याचं दुःख वेगळं, आणि त्याची चर्चा कमी होते. आंबिया बहाराचं फळ नेमकं या दिवसांत रंगावर येतं. झड लागली की बागेत पाणी साचतं, मुळं गुदमरतात, बुरशी देठाशी बसते आणि हिरवं-पिवळं फळ रात्रीतून झाडाखाली पडतं. सकाळी आळ्यात फळांचा सडा. बाग आधीच विकलेली असेल तर व्यापारी इसार देऊन गेलेला असतो. तो पाऊस उघडल्यावर भाव पाडून मागतो, किंवा फिरकतच नाही. सोयाबीन एका हंगामाचं. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला तर दहा-बारा वर्षांची मेहनत वाळते.

२०२५ ने कळस केला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर ७ ऑक्टोबरला राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. २७ ऑक्टोबरला शेतकरी नेते बच्चू कडू यांचा कर्जमाफीचा ट्रॅक्टर मोर्चा चांदूर बाजारहून नागपूरकडे निघाला. शेतकरी नागपूरच्या वेशीवर महामार्गावर बसले असताना, २८ च्या रात्री मोंथा वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याचे ढग विदर्भाकडे सरकले. ३० ऑक्टोबरला मुंबईतल्या बैठकीत ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचं आश्वासन मिळालं.

या सगळ्या गदारोळात एक बदल मागे पडला. पीकविम्यात पूर्वी काढणीपश्चात नुकसानीचं कलम होतं. सोंगून वावरात सुकत ठेवलेलं पीक चौदा दिवसांत भिजलं, आणि ७२ तासांत कळवलं, तर भरपाईचा दावा करता यायचा. तक्रार नोंदवताना जीव जायचा, पण दार उघडं होतं. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला आणि हे कलमही काढलं. आता भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या सरासरीवर. सोंगणीपर्यंत उभं पीक चांगलं असेल तर प्रयोगात उत्पन्न भरतं, आणि नंतर गंजीत सडलेलं त्या कागदावर येतच नाही. आमच्याकडे खरं नुकसान गंजीतच होतं. सोयाबीन सोडून सगळे ज्वारीकडे परततील असं कोणी समजू नये, तेवढा भाव ज्वारीला नाही. पण काढणीपश्चात नुकसानीचं हे एक कलम परत आणणं सरकारच्या हातात आहे, आणि ते पुढच्या हस्ताच्या आत आलं पाहिजे.