हिरव्या माशीचा फोटो काय सांगतो?

बागेतल्या चकचकीत हिरव्या माशीचा फोटो स्वच्छ आला की तिची जाती सांगता येते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात फोटोवरून बहुधा वंश (जवळच्या जातींचा गट) तेवढा कळतो. गणवेशावरून मुलाची शाळा कळते, नाव कळत नाही, तसंच हे.

ल्युसिलिया वंशातल्या सेरिकाटा आणि क्युप्रिना या जाती घ्या. दोन्ही हिरव्या, कधी तांबूस झाक असलेल्या. क्युप्रिनाच्या पुढच्या पायाची मांडी हिरवी चमकते, सेरिकाटाची काळपट-निळसर असते. वरून काढलेल्या फोटोत नेमकी हीच मांडी धडाखाली दडते! शिवाय डोक्यामागचे राठ केस मोजावे लागतात, त्याला सूक्ष्मदर्शक हवा. पाठीवर करडे-काळे पट्टे असणाऱ्या मांसमाश्या (सार्कोफॅगा) आणखी अवघड. त्यांच्यात बहुतेकदा नराची जननेंद्रियं तपासल्याशिवाय खात्री होत नाही. नुसत्या रंगावर तर विसंबूच नये, कारण प्रकाश बदलला की झाकही बदलते.

म्हणून एका देखण्या फोटोपेक्षा वरून, बाजूने आणि समोरून काढलेले साधे फोटो माझ्या मते कितीतरी मोलाचे. पंखांच्या शिरा आणि पुढचे पाय त्यांत स्पष्ट यावेत. तरीही शंका राहिली, तर ‘ल्युसिलिया, जाती अनिश्चित’ एवढीच नोंद करावी. अभ्यासकही तसंच लिहितात.