डोंगराची उंची कोणी मोजली?

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सपाट जागा शोधावी लागते, डोंगर शोधावा लागत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत आणि मधे सडे, घाट्या, पऱ्ये नि वाड्या. या डोंगरांच्या उंचीचे आकडे नकाशात असतात, पुस्तकात असतात, गडाच्या पायथ्याशी लावलेल्या पाटीवर असतात आणि आता तर हातातल्या फोनवरही दिसतात. आकडा छापलेला असला की आपण तो खरा धरून चालतो. तो कोणी मोजला, कुठून मोजला, कशाने मोजला, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. माझ्याही आला नव्हता. शेतीखात्यात पंचवीस-सव्वीस वर्षे काढल्यावर एका खिंडीने तो मला विचारायला लावला.

संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला एकतीस घरांची एक वाडी आहे. शिमगा झाला की तिथली बाव तळ गाठते. मग बायका खिंड ओलांडून पलीकडच्या घळीतल्या झऱ्यावर जातात. झरा मे महिन्यातही आटत नाही. एका खेपेला जाऊन-येऊन पाऊण तास मोडतो, आणि अशा चार-पाच खेपा रोजच्या. झऱ्यावर लहानशी टाकी बांधावी, तिथून डोंगराच्या कडेने खिंडीपर्यंत नळ आणावा आणि खिंडीतून तो वाडीत उतरवावा, ना पंप ना विजेचे बिल, असे वाडीतल्या मुंबईकर मंडळींनी ठरवले. गणपतीत वर्गणी झाली. मला सल्ल्याला बोलावले. मी झऱ्यावर उभा राहून फोन पाहिला : ३१८ मीटर. खिंडीत येऊन पाहिला : ३०९ मीटर. खिंड नऊ मीटर खाली! नकाशा पाहिला, तर झरा आणि खिंड दोन्ही ३०० आणि ३२० मीटरच्या समोच्च रेषांच्या मधे. म्हणजे नकाशाचा विरोध नाही. "बिनधास्त नळ टाका," असे मी सांगितले.

तिथे एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सायेब, झऱ्यावरनं खिंडीत येताना चढ लागतो. पानी कसं चढंल?" वाट वर-खाली जाते म्हणून तुम्हाला तसे वाटते, अशी मी त्यांची समजूत घातली. "भरला हंडा डोक्यावर असला की चढ कळतो," एवढेच बोलून त्या गप्प बसल्या.

नळ टाकला, टाकी भरली, कॉक उघडला. पाणी खिंडीच्या अलीकडे येऊन थांबले. खिंडीतल्या नळाच्या तोंडातून हवेचा फुसकारा आला, पाण्याचा थेंब आला नाही. वाडीतल्या बायका कळशा घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी मी वाडीत चहासुद्धा घेतला नाही.

आकडे येतात कुठून?

घरी आल्यावर मी या उंचीच्या प्रकरणाच्या मागे लागलो. जे हाती लागले ते शेतकऱ्याला सांगण्यासारखे आहे.

आपल्याकडे डोंगर मोजण्याचे काम भारतीय सर्वेक्षण विभागाचे. तो स्थापन झाला १७६७ साली. त्याचे सर्वांत मोठे काम १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुरू झाले. विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने तिथे सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा पोलादी साखळीने मोजली. ही झाली पायारेषा. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन घ्यायचा, म्हणजे त्रिकोण होतो. त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. असे त्रिकोणांचे जाळे पुढे साऱ्या हिंदुस्थानावर पसरले. माडावर न चढता लांब उभे राहून, अंतर आणि कोन यांवरून त्याची उंची जशी काढता येते, तशीच डोंगराची काढली. कोन घ्यायचे मोठे यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते माणसांनी डोंगरमाथ्यांवर चढवले. त्या वजन वाहणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. आपल्या दक्षिण कोकण किनाऱ्याची त्रिकोणांची माळ १८४२ साली सुरू झाली आणि पुरी व्हायला १८६७ उजाडले. पंचवीस वर्षे! आमच्याकडचे डोंगर, जंगल, पावसाळा आणि हिवताप ज्यांना माहीत आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये.

दुरून घेतलेल्या कोनात एक खोट असते. नजरेचा किरण हवेतून सरळ येत नाही, थोडा वाकतो. तापलेल्या कातळावर हवा कशी थरथरते ते आपण पाहतोच. सकाळी घेतलेला कोन आणि दुपारी घेतलेला कोन एक येत नाही. म्हणून हिशेब पुन्हा पुन्हा करावे लागत. हिमालयातल्या 'शिखर १५' चा असा हिशेब राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाने १८५२ च्या सुमारास केला. शिखराची उंची २९,००२ फूट निघाली आणि १८५६ साली जाहीर झाली. हेच एव्हरेस्ट. हिशेबाचे उत्तर बरोबर २९,००० आले होते, पण लोकांना तो अंदाज वाटेल म्हणून वर दोन फूट चिकटवले, असे सांगतात. नेपाळात शिरायला बंदी, त्यामुळे सारे कोन शंभर मैलांहून अधिक अंतरावरून घेतलेले. पुढे १९५५ साली भारतीय सर्वेक्षण विभागाने जवळून मोजून ८,८४८ मीटर हा आकडा दिला. नेपाळात २०१५ साली मोठा भूकंप झाला आणि शिखर खचले की काय अशी शंका निघाली. तेव्हा नेपाळ आणि चीन यांनी माथ्यावर यंत्रे नेऊन पुन्हा मोजणी केली आणि डिसेंबर २०२० मध्ये ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला. सिकदरांचा आकडा मीटरमध्ये सुमारे ८,८४० होतो. म्हणजे शंभर मैलांवरून केलेल्या हिशेबात चूक नऊ मीटरांच्या आतबाहेर. हा नऊचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

लांब कशाला जायचे? आपले कळसूबाई घ्या, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. जुन्या इंग्रजी गॅझेटियरात त्याची उंची ५,४२७ फूट दिली आहे. आज आपण १,६४६ मीटर म्हणतो, त्याचे होतात ५,४०० फूट. कळसूबाई सत्तावीस फूट खचलेली नाही. सुधारला तो आकडा. गडकिल्ल्यांच्या उंचीत तर याहून मोठा गोंधळ असतो. कोणी पायथ्यापासूनची उंची लिहितो, कोणी समुद्रापासूनची. आणखी एक गंमत पाहा. कोणी तरी पूर्वी अंदाजाने 'सुमारे ३,००० फूट' लिहिलेले असते. दुसरा कोणी त्याचे मीटर करतो आणि ९१४ लिहितो. ९१४ वाचले की वाटते, वा, केवढी बारीक मोजणी! मुळात तो अंदाजच.

समुद्र कुठला धरायचा?

उंची समुद्रसपाटीपासून मोजतात हे शाळेत शिकवतात. पण आपण कोकणातली माणसे समुद्र रोज पाहतो. भरतीचा धरायचा की ओहोटीचा? उधाणाचा की भांगेचा? त्यासाठी बंदरांवर भरतीमापक बसवून वर्षानुवर्षे पाण्याच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांची सरासरी काढली. १९०९ साली पुऱ्या झालेल्या मोजणीत अशी नऊ बंदरे धरली होती. मुंबईचे अपोलो बंदर त्यात होते आणि खाली कारवारही. आपली रत्नागिरी या दोहोंच्या मधे. तिथून आत दगडादगडाने पातळी नेली. 'जी.टी.एस. बी.एम.' अशी अक्षरे कोरलेले जुने दगड कुठे कुठे अजून दिसतात. नागपूरच्या झीरो माइल खांबापाशी तर फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत आकडा दिलेला आहे : १०२०.१७१ फूट. असा दगड तुमच्या गावात असला तर तो घराच्या जोत्याला लावू नका.

आता उपग्रहाचे दिवस आहेत. उपग्रह समुद्र पाहत नाही. तो पृथ्वीचा एक गुळगुळीत, काल्पनिक गोळा धरून त्यापासून उंची देतो. पृथ्वीचे ओढणे सगळीकडे सारखे नसल्यामुळे खरा समुद्र त्या गोळ्याशी जुळत नाही. आपल्या बाजूला तो बराच खाली आहे. आपल्या किनाऱ्यावर हा फरक साठ-सत्तर मीटरांचा भरतो. म्हणजे मांडवीच्या वाळूत उभे राहून उपग्रहाचा कच्चा आकडा घेतला तर तुम्ही उणे साठ-सत्तर मीटरवर आहात असे तो सांगेल, आणि तुमचे पाय तर कोरडे! ही दुरुस्ती करून मगच समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते. मोजणीखात्याची चांगली यंत्रे ठराविक ठिकाणच्या स्थिर केंद्रांशी जोडून काही सेंटिमीटरांपर्यंत बरोबर आकडा देतात. साध्या फोनचे तसे नाही. जागा दाखवण्यात तो बरा, उंचीत कच्चा. त्यातून झरा घळीत, वर झाडांचे छत, एका बाजूला कडा. आकाशच थोडे दिसते, तिथे उपग्रह किती दिसणार? हवेच्या दाबावरून उंची सांगणारी यंत्रेही जपून वापरावीत. दाब एक मिलिबार उतरला की यंत्राला वाटते आपण आठ-नऊ मीटर वर चढलो. पावसाळी हवेत खुर्चीत बसल्या बसल्या तुमची उंची चाळीस मीटर वाढू शकते.

नकाशाचे म्हणाल तर त्याने मला फसवले नव्हते. दोन समोच्च रेषांत वीस मीटरांचे अंतर. त्या वीस मीटरांत काय आहे ते तो सांगतच नाही. न सांगितलेले मी माझ्या सोयीने वाचले.

गवंड्याची नळी

मग मी जुन्या मार्गाला लागलो. बाजारातून पंधरा मीटर पारदर्शक नळी आणली. गवंडी जोत्याची पातळी काढतो तीच. दोन सरळ काठ्यांना सेंटिमीटरच्या खुणा केल्या, नळीची दोन टोके त्यांना बांधली, पाणी भरले आणि आतले बुडबुडे घालवले. बुडबुडा राहिला तर सारे वाया. एक काठी झऱ्यावर, दुसरी दहा-बारा मीटर पुढे. दोन्हीकडचे पाणी स्थिर झाले की आकडे वाचायचे. दोन आकड्यांतला फरक तोच दोन जागांतला फरक. मग मागची काठी पुढे न्यायची. वाडीतली दोन कॉलेजची पोरे, वही धरायला त्यांची बहीण आणि मी. करवंदीच्या जाळ्यांतून जाताना सदरे फाटले. झऱ्यापासून खिंडीपर्यंत ८६ मुक्काम झाले. त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी खिंडीपासून झऱ्यापर्यंत उलटे मोजत आलो. हे उलटे मोजणे कंटाळवाणे असते, पण टाळू नये. जाताना आणि येताना यांत फरक आला नऊ सेंटिमीटरांचा. एवढ्या मोजणीत तो चालतो.

खिंड झऱ्यापेक्षा २ मीटर ७० सेंटिमीटर उंच निघाली. फोनने ती नऊ मीटर खाली दाखवली होती. एकूण चूक झाली ११ मीटर ७० सेंटिमीटर. सिकदरांनी शंभर मैलांवरच्या एव्हरेस्टचा जो हिशेब केला, त्यापेक्षा माझी एका किलोमीटरातली चूक मोठी!

कोणी म्हणेल, तीन मीटर चढ म्हणजे काय, सायफनने पाणी नेता आले असते. सुरुवातीला नेता येते. पण नळाच्या उंच जागी हळूहळू हवा साठते, आणि एप्रिल-मे मध्ये झऱ्याची धार बारीक झाली की सायफन तुटतो. नेमके हवे तेव्हा पाणी बंद. रोज उठून नळ भरायला खिंडीत कोण जाणार? मी तो नाद केला नाही.

झऱ्याच्या वर त्याच घळीत आणखी एक ओल होती. तिथे नुसते शेवाळ दिसे. आजींनीच दाखवली. नळीने मोजली तर ती खालच्या झऱ्यापेक्षा ६ मीटर ४० सेंटिमीटर वर, म्हणजे खिंडीपेक्षा ३ मीटर ७० सेंटिमीटर वर. खणून दगड बाजूला केल्यावर धार लागली. मे महिन्यात पंधरा लिटरची घागर दोन मिनिटांत भरे. धार बारीक वाटते खरी, पण तासाला साडेचारशे लिटर म्हणजे दिवसरात्र मिळून १०,८०० लिटर झाले. एकतीस घरांना पिण्याला आणि गुरांना ते पुरते. जुना नळ वाया गेला नाही, फक्त दोनशे मीटर वाढवावा लागला. वाडीत साठवणीची टाकी बांधली, ती रात्रभर भरते. पहिले पाणी आले त्या दिवशी आजींनी मला हाक मारून तांब्याभर पाणी दिले आणि विचारले, "फोन काय म्हन्तो?"

ती नळी आणि काठ्या आता वाडीच्या समाजमंदिरात ठेवल्या आहेत. मागेल त्याला देतात, फक्त सही घेतात. यंदा दिवाळीनंतर शेजारच्या दोन वाड्या घेऊन गेल्या. एकीचा नळ झाला. दुसरीचा झरा खिंडीपेक्षा चार मीटर खाली निघाला. त्यांनी पाईप घेतलाच नाही, बाव खोल करायला घेतली आहे.