जिप्सी उंच करताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मारुती जिप्सी 1985 मध्ये आली आणि 2019 मध्ये तिची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. तरीही सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटांवर आणि पावसाळ्यातल्या चिखलात ती आजही दिसते. तिची बांधणी अगदी सरळ आहे: लॅडर चासी, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग). म्हणूनच तिला 'लिफ्ट' करणं सोपं वाटतं. भोसरी असो की कोल्हापूर, लेथ, गॅस कटर आणि वेल्डिंग मशीन कुठेही मिळतं. प्लेटा कापल्या, भोकं पाडली, बोल्ट आवळले, की संध्याकाळपर्यंत गाडी उंच होते.

पण तेवढ्यानं काम संपत नाही. उंचीबरोबर स्टिअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट आणि ब्रेकचे पाइप यांचे कोन आणि लांबी बदलते. लिफ्टचं खरं काम हे बदल सावरण्याचं आहे. याविषयी वर्कशॉपमध्ये हमखास ऐकू येणारे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज 1 : लिफ्ट केली की ग्राउंड क्लिअरन्स वाढतो.

वस्तुस्थिती : अखंड ॲक्सलच्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळ असतो तो डिफरन्शियलचा गोळा. तो ॲक्सलवर आहे आणि ॲक्सल चाकांवर. पाटे किंवा त्यांना चासीशी जोडणारी शॅकल बदलून चासी वर जाते, गोळा जागेवरच राहतो. तो वर न्यायचा तर मोठे टायर हाच उपाय, आणि त्यातही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्माच फायदा मिळतो. 205/70 आर 15 टायरचा व्यास साधारण 668 मिमी, 235/75 आर 15 चा 733 मिमी. फरक 65 मिमीचा, गोळा वर गेला 33 मिमीच्या आसपास. शिवाय स्पीडोमीटर सुमारे 10 टक्के कमी दाखवू लागतो: काटा 80 वर असताना गाडी 88 नं धावत असते.

मग लिफ्ट कशासाठी? मोठा टायर फेंडरला न घासता बसावा, चढाला भिडताना पुढचा बंपर अडू नये आणि उंचवट्यावर गाडीचं पोट टेकू नये यासाठी. हे फायदे खरे आहेत. फक्त ते क्लिअरन्सचे नसून कोनांचे आहेत.

गैरसमज 2 : दोन इंच लांब शॅकल म्हणजे दोन इंच लिफ्ट.

वस्तुस्थिती : पाट्याचं एक टोक चासीला पक्कं असतं, दुसरं शॅकलवर झुलतं. शॅकल लांबवली की फक्त एकच टोक सरकतं आणि ॲक्सल तर साधारण मध्यावर असतो. त्यामुळे दोन इंचांच्या वाढीतून एक इंचच लिफ्ट मिळते.

खरी अडचण पुढची आहे. एकच टोक हलल्यामुळे पाट्याबरोबर ॲक्सलही थोडा फिरतो. पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असेल, तर ॲक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या किंगपिनच्या अक्षाचा मागे असलेला कल. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते या कलामुळे. तो गेला की महामार्गावर गाडी भरकटू लागते आणि चालकाला सतत स्टिअरिंग सावरत बसावं लागतं.

यावर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर बसवतात. तिनं कॅस्टर परत मिळतो, पण डिफरन्शियलचं नाक, म्हणजे शाफ्ट जोडलेलं टोक, खाली झुकतं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) जास्त कोनात फिरू लागतो. एक कोन सुधारताना दुसरा बिघडतो. म्हणून शॅकलनं मिळणारी लिफ्ट एखाद्या इंचावर थांबवणं शहाणपणाचं.

गैरसमज 3 : प्लेट जाड, वेल्डिंग दणकट, झाला पार्ट मजबूत.

वस्तुस्थिती : बहुतेक पार्ट जाडी कमी पडल्यामुळे तुटत नाहीत, भोक, कडा आणि वेल्डिंगची शीव यांपाशी तडा जाऊन तुटतात. गॅस कटरनं पाडलेल्या भोकाची कड खडबडीत आणि कडक होते, प्रत्येक धक्क्यासरशी तिथूनच तडा पुढे सरकतो. भोक ड्रिलनं पाडावं, शक्य तर रीमरनं मापात आणावं आणि कडा घासून गुळगुळीत कराव्यात.

शॅकलचंच उदाहरण घ्या. दोन प्लेटा, वर एक बोल्ट, खाली एक बोल्ट, दोन्ही ठिकाणी बुश आणि बुशच्या आत स्टीलचा स्लीव्ह. बोल्ट आवळल्यावर दोन्ही प्लेटांनी स्लीव्हला घट्ट धरायचं असतं. बाहेरच्या बुशवर दाब येता कामा नये. त्यासाठी पॉलियुरेथेन बुशमध्ये स्लीव्हची लांबी बुशपेक्षा किंचित जास्त ठेवतात. लेथवर स्लीव्ह अर्धा मिलिमीटर आखूड निघाला, तर प्लेटा बुशलाच चिमटतात, शॅकल झुलत नाही, पाटा जखडतो आणि गाडी दगडासारखी आपटू लागते. मग दोष पाट्यांना दिला जातो. शॅकल लांब असेल तर दोन्ही प्लेटांच्या मध्ये आडवा पाइप किंवा बोल्टही हवा. नाहीतर आडव्या उतारावर प्लेटा एका बाजूला कलतात.

धातूची निवडही तितकीच महत्त्वाची. आयएस 2062 प्रतीचं साधं पोलाद शॅकल आणि ब्रॅकेटसाठी योग्य, कारण ते चांगलं वेल्ड होतं. पाटा मात्र कडक करून टेम्पर केलेल्या स्प्रिंग स्टीलचा असतो. त्याला वेल्डिंगचा टाका लावला की तेवढ्या जागचं टेम्परिंग जातं आणि पाटा तिथेच तुटतो. पाट्याला वेल्डिंग कधीही करू नये. बोल्टच्या डोक्यावरचे आकडेही वाचावेत: 8.8 म्हणजे 800 मेगापास्कल ताणशक्ती, 10.9 म्हणजे 1000. ज्याच्या डोक्यावर काहीच छापलेलं नाही, तो बोल्ट सस्पेन्शनमध्ये वापरू नये. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळलेले असतील तर काढल्यावर पुन्हा वापरू नयेत, आणि नवे बसवल्यावर काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

गैरसमज 4 : जाड पानांचे पाटे घातले की गाडी ऑफरोडला तयार.

वस्तुस्थिती : पाट्यातल्या पानाचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून 6 मिमीच्या जागी 7 मिमीचं पान घातलं, तर ते पान सुमारे 59 टक्के जास्त कडक होतं. कडक पाट्यांची गाडी उंच उभी राहते खरी, पण खडकावर एक चाक वर गेलं की दुसरं चाक खाली पोहोचत नाही, हवेत लटकतं. डिफरन्शियल लॉक नसेल तर हवेतलं चाक नुसतं गरगरतं आणि गाडी जागेवर अडते. ऑफरोडला चाकं जमिनीला धरून राहणं महत्त्वाचं. त्यासाठी जास्त कमान दिलेले, पण पानं पातळ असलेले पूर्ण नवे पाटे हा चांगला मार्ग. खर्च जास्त येतो, पण तो वाया जात नाही.

गैरसमज 5 : स्प्रिंग-ओव्हर केलं की पाच इंच फुकटात.

वस्तुस्थिती : जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते वरून घेतले की सुमारे पाच इंच उंची मिळते आणि यू-बोल्टच्या खालच्या प्लेटाही दगडांपासून सुटतात. पण त्यासाठी ॲक्सलच्या नळीवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. एका बाजूनं सलग वेल्डिंग केलं तर नळी वाकते. छोटे-छोटे टाके आलटून-पालटून घालावेत आणि सावकाश थंड होऊ द्यावेत, पाणी ओतू नये. बैठकीचा कोन ठरवतानाच डिफरन्शियलच्या नाकाचा कोन ठरतो, म्हणून पक्कं वेल्डिंग करण्याआधी गाडी चाकांवर उभी करून माप घ्यावं.

साध्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात. कोनात फिरताना एका क्रॉसमुळे गतीत येणारा चढउतार दुसरा क्रॉस रद्द करतो, पण दोन्ही कोन सारखे असले तरच. नाहीतर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. शाफ्टची स्प्लाइनही बाहेर सरकते आणि तिची पकड कमी होते. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक तिरकी झाल्यामुळे खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. हे सगळं दुरुस्त करण्याचा खर्च धरला, तर हे पाच इंच सर्वांत महाग पडतात.

गैरसमज 6 : लांब शॉक ॲब्झॉर्बर घातले की बाकी काही पाहायला नको.

वस्तुस्थिती : शॉक ॲब्झॉर्बर गाडीचं वजन पेलत नाही, पाट्याची हालचाल आवरतो. तो पूर्ण दबण्याआधी बंप स्टॉप लागला पाहिजे. याहून महत्त्वाचा आहे ब्रेकचा रबरी पाइप. चासी जॅकवर घेऊन चाकं पूर्ण खाली सोडा आणि पाइप ताणला जातोय का ते डोळ्यांनी पाहा. ताणला जात असेल तर गाडी रस्त्यावर आणू नका. मागच्या ब्रेकला भारानुसार दाब देणारा वाल्व्ह असेल, तर लिफ्टनंतर त्याला गाडी रिकामी असल्यासारखी वाटते आणि मागच्या चाकांना कमी ब्रेक मिळतो. त्याचा दांडा नव्या उंचीनुसार जुळवावा लागतो.

गैरसमज 7 : दोन-तीन इंचांनी गाडी काही उलटत नाही.

वस्तुस्थिती : हिशेब सोपा आहे. चाकांमधलं अंतर 130 सेमी आणि गुरुत्वमध्य 65 सेमीवर धरला, तर गाडी 45 अंशांच्या आडव्या उतारावर उलटण्याच्या सीमेवर येते. गुरुत्वमध्य 72 सेमीवर गेला की तीच सीमा 42 अंशांवर येते. हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात उताराकडचे पाटे दबतात, त्यामुळे सीमा आणखी अलीकडे असते. वर टपावर कॅरिअर आणि स्टेपनी ठेवली की आणखीच.

गैरसमज 8 : आपली गाडी, आपला पैसा, कायद्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही बदलावर बोट ठेवू शकते. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करा.

वर्कशॉपमध्ये गाडी लावण्याआधी मूळ मापं लिहून ठेवा: चासीची उंची, कॅस्टर, डिफरन्शियलच्या नाकाचा कोन, शाफ्टची लांबी. काम झाल्यावर तीच मापं पुन्हा घ्या आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. जो कारागीर ही मापं घ्यायला तयार नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नका. लिफ्ट गरजेपुरतीच करा, आणि बिघडलेला प्रत्येक कोन जागेवर आल्याशिवाय घाटाकडे वळू नका.