विद्यार्थी परिषद : निवडणूक, नियम आणि जबाबदारी

लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धत नसून ती एक सवय आहे, आणि कोणतीही सवय लहान वयातच जडावी लागते. वयाची अठरा वर्षे पूर्ण करणारा तरुण आज लोकसभेसाठी व विधानसभेसाठी मतदान करतो. संविधानाच्या ६१ व्या दुरुस्तीने १९८९ मध्ये मतदाराचे किमान वय २१ वरून १८ वर आणले. त्यामुळे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात पाऊल टाकणारा बहुतेक विद्यार्थी थोड्याच काळात देशाचा मतदार होतो. मात्र ज्या महाविद्यालयात तो दिवसाचे सहा-सात तास घालवितो, त्या संस्थेच्या कारभारात आपला प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार त्याला असावा काय, आणि असल्यास तो कोणत्या मर्यादेत, हा प्रश्न महाराष्ट्रात गेली तीन दशके चर्चेत आहे. या प्रश्नाची पार्श्वभूमी व त्यासंबंधीचे नियम समजून घेणे विद्यार्थी, पालक व प्राध्यापक या तिघांनाही उपयुक्त ठरेल.

चळवळींची परंपरा

विद्यार्थ्यांनी सार्वजनिक प्रश्नांत भाग घ्यावा की नाही, हा वाद आपल्याकडे नवा नाही. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयाने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढून टाकले. १९३८ मध्ये निजामाच्या राजवटीत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी सत्याग्रह केला. त्यांपैकी ज्यांना विद्यापीठ सोडावे लागले, अशा अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला याच पिढीतून अनेक कार्यकर्ते लाभले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार मेहता व त्याचे चार बालसोबती गोळीबारात हुतात्मा झाले. ती शाळेत जाणारी मुले होती.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रवाह थांबला नाही. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खानावळीच्या दरवाढीवरून सुरू झालेल्या असंतोषातून ‘नवनिर्माण’ आंदोलन उभे राहिले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतरच्या काळात विद्यार्थी संघटना दोन्ही बाजूंनी रस्त्यावर उतरल्या आणि मराठवाड्यातील दलित वस्त्यांना त्या संघर्षाची फार मोठी झळ सोसावी लागली. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. विद्यार्थीशक्ती समाजाला पुढे नेऊ शकते, तशी ती भडकविलीही जाऊ शकते, हे दोन्ही धडे या इतिहासात आहेत.

थेट निवडणुका का थांबल्या?

साठ ते ऐंशीच्या दशकांत महाविद्यालयातील ‘जी. एस.’ ची निवडणूक हा वर्षातील मोठा प्रसंग असे. पुढे विधिमंडळात व संसदेत गेलेल्या अनेकांनी भाषणाचे व संघटनेचे पहिले धडे येथेच गिरविले. परंतु हळूहळू पैसा, बाहेरील व्यक्तींचा हस्तक्षेप आणि हाणामाऱ्या यांनी या निवडणुकांना ग्रासले. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि पालकवर्ग हादरला. त्यानंतर थेट निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने गुणवत्तेवर आधारित पद्धत स्वीकारली. प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेत चांगले गुण मिळविणारा विद्यार्थी परिषदेवर नामनिर्देशित होऊ लागला. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना व राष्ट्रीय छात्रसेना यांतील विद्यार्थी, तसेच दोन विद्यार्थिनी यांचीही निवड प्राचार्यांकडे आली. परिषदेचा सचिव मात्र या सदस्यांनी आपल्यातून निवडावयाचा होता.

या पद्धतीने महाविद्यालयांत शांतता नांदली, हे मान्य करावयास हवे. परंतु तिची उणीवही लवकरच ध्यानात आली. परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी वसतिगृहातील पाण्याच्या टंचाईबद्दल किंवा रखडलेल्या शिष्यवृत्तीबद्दल प्राचार्यांकडे आग्रह धरू शकेलच, असे नाही. आपण ज्याला निवडले नाही त्याला जाब विचारण्याचा अधिकारही वर्गातील इतरांना उरत नाही.

लिंगडोह समितीच्या शिफारशी

देशपातळीवर या प्रश्नाचा सर्वांगीण विचार झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. केरळ विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये दिलेल्या निदेशानुसार केंद्र शासनाने माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने मे २००६ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उज्जैनच्या माधव महाविद्यालयात विद्यार्थी निवडणुकीच्या वादातून झालेल्या मारहाणीनंतर एका प्राध्यापकाचा मृत्यू झाला. नियमांची निकड किती होती, हे त्या घटनेने देशाला दाखविले. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने समितीच्या शिफारशी लागू करण्याचा अंतरिम आदेश दिला. त्यांतील प्रमुख बाबी अशा :

• पदवी वर्गातील उमेदवाराचे वय १७ ते २२ वर्षे असावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी कमाल मर्यादा २४ ते २५ व संशोधक विद्यार्थ्यांसाठी २८ वर्षे असावी.

• उमेदवाराची हजेरी विद्यापीठाने ठरविलेली किंवा ७५ टक्के असावी आणि त्या वर्षी त्याचा कोणताही विषय राहिलेला नसावा.

• पदाधिकारी होण्यासाठी एकदाच व कार्यकारिणीचा सदस्य होण्यासाठी दोनदाच निवडणूक लढविता यावी.

• प्रत्येक उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांहून अधिक नसावा. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब सादर करावा. राजकीय पक्षांचा पैसा वापरू नये.

• छापील भित्तिपत्रके लावू नयेत. हाताने तयार केलेली पत्रके नेमून दिलेल्या जागीच लावावीत. प्रचारासाठी ध्वनिक्षेपक व वाहने वापरू नयेत.

• नामनिर्देशनपत्रापासून निकालापर्यंतची सर्व प्रक्रिया दहा दिवसांत आटोपावी आणि निवडणूक शैक्षणिक वर्षाच्या आरंभापासून सहा ते आठ आठवड्यांत घ्यावी.

• तक्रारींच्या निवारणासाठी कक्ष असावा व त्यात विद्यार्थी-विद्यार्थिनींचाही समावेश असावा.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या अहवालातील आणखी एक मत महत्त्वाचे आहे. जेथे वातावरण अनुकूल नसेल तेथे नामनिर्देशनाची पद्धत तात्पुरती चालेल. परंतु ती केवळ परीक्षेतील गुणांवर आधारलेली नसावी आणि पाच वर्षांच्या काळात संस्थांनी निवडणुकीच्या पद्धतीकडे वळावे, असे समितीने सुचविले होते.

इतर विद्यापीठांचा अनुभव

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात निवडणुकीची व्यवस्था विद्यार्थ्यांमधूनच नेमलेला निवडणूक आयोग पाहतो आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा जाहीर वादविवाद रात्री उशिरापर्यंत चालतो. या शिफारशींच्या पालनावरून तेथील निवडणुका २००८ मध्ये स्थगित झाल्या व २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. दिल्ली विद्यापीठात सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान झाले. पण उमेदवारांनी भिंती विद्रूप केल्यामुळे त्या स्वच्छ होईपर्यंत उच्च न्यायालयाने मतमोजणी थांबविली. निकाल लागण्यास नोव्हेंबरची अखेर उजाडली. नियम कागदावर असून भागत नाही, त्यांचा अंमलही झाला पाहिजे, हाच याचा बोध होय.

राज्यातील नवा कायदा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. या अधिनियमाने थेट निवडणुकीचा मार्ग पुन्हा खुला केला. महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गीय प्रवर्गातील एक प्रतिनिधी ही पदे विद्यार्थ्यांच्या मतदानाने भरण्याची तरतूद त्यात आहे. मागासवर्गीय प्रतिनिधित्व निरनिराळ्या प्रवर्गांना आळीपाळीने मिळते. महाविद्यालयीन परिषदांतून पुढे विद्यापीठ पातळीवरील परिषद उभी राहते आणि तिचा आवाज अधिसभेपर्यंत पोहोचतो. यासंबंधीचे परिनियम २०१८ मध्ये झाले. २०१९ मध्ये निवडणुकांचा कार्यक्रमही ठरला होता. तथापि त्याच सुमारास विधानसभेची निवडणूक आल्याने तो पुढे ढकलण्यात आला. पाठोपाठ करोनाच्या साथीमुळे महाविद्यालयेच बंद झाली. थेट मतदानाचा अनुभव नसलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या अशा रीतीने पदवी घेऊन बाहेर पडल्या.

सर्वांचे कर्तव्य

निवडणूक म्हटली की अभ्यासाचे नुकसान होईल, मुलगा मारामारीत सापडेल, ही पालकांची भीती निराधार नाही. ज्या घरातील मुलगा अशा प्रसंगी गेला, त्या घराला लोकशाहीच्या प्रशिक्षणाची महती सांगणे अवघड आहे. म्हणूनच निवडणूक आणि शिस्त यांची फारकत होता कामा नये. ओळखपत्राशिवाय कोणालाही आवारात प्रवेश न देणे, खर्चाचे हिशेब खरोखर तपासणे, तक्रारीचा निर्णय वेळेत देणे आणि नियम मोडणारा उमेदवार कोणत्याही संघटनेचा असला तरी त्याला बाद ठरविणे, ही कामे प्राचार्यांनी व प्राध्यापकांनी निःपक्षपातीपणे केली, तर भीतीचे कारण बरेच कमी होईल.

विद्यार्थ्यांवरील जबाबदारी याहून मोठी आहे. जात, गाव किंवा मेजवानी पाहून दिलेले मत वर्षभर नडते. ग्रंथालय किती वेळ उघडे असते, वसतिगृहातील भोजन कसे आहे, विद्यार्थिनींना आवारात निर्धास्तपणे वावरता येते काय, विद्यार्थी निधीचा विनियोग कसा होतो, हे प्रश्न उमेदवाराला विचारणारा मतदार उद्या ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या उमेदवारालाही असेच प्रश्न विचारील. ज्याने पराभव शांतपणे स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी विजयी स्पर्धकाशेजारी बसून तास ऐकला, तो विद्यार्थी लोकशाहीचा सर्वांत अवघड पाठ शिकला, असे म्हणावे लागेल. हा पाठ क्रमिक पुस्तकातून देता येत नाही. तो महाविद्यालयाच्या आवारात, मतपेटीसमोरच्या रांगेत उभे राहूनच गिरवावा लागतो.