राउटर पहिल्यांदा जोडताना: आत काय, बाहेर काय?

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या वर्गातला नाही, पण त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आत काय आणि बाहेर काय?

एखादा वाडा घ्या. टपाल खात्याला त्याचा एकच पत्ता ठाऊक असतो. आत माणसं दहा असतात, आणि कोणाचं पत्र कोणाला द्यायचं ते दारावरचा माणूस पाहतो. राउटर म्हणजे हा दारावरचा माणूस. कंपनी सहसा घराला बाहेरचा एक पत्ता देते. घरातल्या मोबाईल, टीव्ही, संगणकाला आतले पत्ते राउटर वाटतो. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे हे असे आतले पत्ते. म्हणून तोच आकडा आपल्याकडेही असतो आणि शेजाऱ्याकडेही, तरी घोटाळा होत नाही.

आता जोडणी. फायबरची तार काचेची असते, तिला घडी घालू नका. ती कंपनीच्या डबीत जाते. डबीवर 'एलओएस' हा दिवा लाल दिसला तर प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही असं समजा. मग राउटरशी झटापट करून उपयोग नाही, कंपनीला फोन करा. याच डबीत वायफाय असेल तर वेगळा राउटर लागेलच असं नाही. लागत असेल तर डबीतून निघालेली जाड तार राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या भोकात घाला. बाकीची भोकं 'लॅन'ची, म्हणजे आतली. पहिल्या दिवशी गफलत होते ती बहुधा इथेच.

वीज चालू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला कागद वाचा. वायफायचं नाव आणि आत शिरायचा पत्ता त्यावर असतो. मोबाईल त्या नावाला जोडा. 'इंटरनेट नाही' असं दिसेल, घाबरू नका, आपण अजून अंगणातच आहोत. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. 'पीपीपीओई' विचारलं तर कंपनीने दिलेलं नाव आणि पासवर्ड भरा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. पहिला सगळे बदलतात, दुसरा तसाच राहतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. मालकांना पत्ताही नव्हता! तेव्हा दोन्ही बदला, वहीत लिहून ठेवा, आणि सुरक्षेत 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' निवडा.

आपल्या गणेशपुरीत भाविक येतात, मुक्काम करतात, वायफाय मागतात. नाही कसं म्हणणार? पण जोडणी आपल्या नावावर असते आणि तिच्यावरून काही गैर घडलं तर पहिली विचारणा आपल्याकडे होते. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळं ठेवा. पाहुणा ओसरीवर बसतो, त्याला माजघराची किल्ली लागत नाही.

राउटर घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवा. लोखंडी कपाटात नको. दगडी भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झ बरा चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण त्याची धाव कमी. आणि मागचं टाचणीएवढं रीसेटचं भोक उगाच दाबू नका. सगळं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता प्रश्न घेऊ या.